वीरगळ आणि आई

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पुरी होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत प्रत्येकीने चार ओळी लिहिल्याच पाहिजेत, असा अध्यक्षाबाईंचा आग्रह. मी आपली एखादी पाककृती लिहून देऊन मोकळी होणार होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास म्हणजे सनावळ्यांची घोकंपट्टी, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. परंतु गेले वर्षभर एका दगडाने माझ्या मनात ठाण मांडले आहे. लढाई आणि कला यांचे नाते काय, असा माझ्या कुवतीबाहेरचा प्रश्न त्या दगडाने मला घातला. त्याविषयी जे मला कळले ते आपल्या साध्या भाषेत सांगते. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

माझे माहेर सातारा जिल्ह्यातले एक लहानसे गाव. गावाबाहेर ओढ्याकाठी महादेवाचे देऊळ आहे. देवळासमोर पिंपळाच्या पाराला टेकून तीन कोरीव दगड उभे आहेत आणि चौथा पालथा पडलेला आहे. त्या पालथ्या दगडाच्या सपाट पाठीवर आम्ही मुली सागरगोटे खेळत असू. एकदा मी खेळता खेळता उभ्या दगडाला पाय लावून बसले. आजी ओढ्यावरून धुणे घेऊन येत होती, ती तिथूनच ओरडली, "पाय काढ पोरी! दगड न्हाय त्यो, माणूस हाय." मी दचकून पाय काढला. कोण माणूस, कुठला, कधीचा, ते आजीलाही ठाऊक नव्हते. "आपल्या गावचा वीर हाय," एवढेच ती सांगे. घरी देव्हाऱ्यातही खंडोबा आणि भवानीच्या टाकांशेजारी वीराचा एक टाक होता. सणावारी त्यालाही हळदकुंकू आणि नैवेद्य मिळे. तो वीर कोण, हेही कोणी कधी विचारले नाही.

लग्न होऊन मी या गावात आले आणि तो दगड विसरले. त्याची आठवण करून दिली ती माझ्या धाकट्या मुलाने. मागच्या शिमग्याला आम्ही माहेरी गेलो होतो. मुलाला सतरा पुरी झालेली. फौजेत भरती व्हायचे म्हणून वर्षभर तो पहाटे चारला उठून सोळाशे मीटर पळण्याचा सराव करीत होता. देवळापाशी तो त्या दगडासमोर उभा राहिला, जरा वेळ निरखून पाहिले आणि मला म्हणाला, "आई, हे बघ. खाली लढतोय, मध्ये अप्सरा नेताहेत, वर देवापाशी बसलाय. लढून मेला की थेट स्वर्ग! दगडावरच लिहिले आहे." त्याने ते हसत म्हटले. मीही हसले. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. लहानपणापासून पाहिलेला दगड, आणि त्यातून माझ्या मुलाने हे वाचले!

तेव्हापासून मी या दगडांची चौकशी करू लागले. आपल्या वाचनालयातून पुस्तके आणली. आपल्या आळीतील निवृत्त गुरुजींनी अवघड भाग समजावून दिला. त्यातून जे हाती लागले ते असे.

या दगडाला वीरगळ म्हणतात. हा शब्द कानडीकडून आला. कानडीत कल्लु म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगळ. महाराष्ट्रात शिलाहार आणि यादव राजांच्या काळचे, म्हणजे साधारण हजार ते सातशे वर्षांपूर्वीचे, वीरगळ पुष्कळ आहेत, आणि त्यानंतरही ते होत राहिले. कर्नाटकात तर त्यांची गणतीच नाही. आपल्याकडे गावोगावी देवळापुढे, वेशीपाशी, विहिरीच्या काठी जे कोरीव उभे दगड दिसतात, त्यांतले बरेचसे वीरगळच असतात.

वीरगळ वाचायचा तो खालून वर. सगळ्यात खालच्या कप्प्यात बहुधा वीर पडलेला असतो. त्याच्या वर लढाई: ढाल-तलवार घेतलेला वीर आणि समोर शत्रू, कुठे घोडे, कुठे हत्ती. पुष्कळ ठिकाणी शेजारी गाई कोरलेल्या असतात. त्या काळी शत्रू किंवा लुटारू आला की आधी गावची गुरे हाकून नेई. गुरे गेली म्हणजे शेत गेले, दूधदुभते गेले, गाव उपाशी मेले. ती गुरे सोडवताना जो मेला त्याच्या दगडावर गाई येतात. म्हणजे हे सगळे वीर राजांच्या मोठ्या लढायांत मेलेले नव्हेत. पुष्कळसे तुमच्याआमच्यासारख्या घरांतले, आपल्याच शिवारात पडलेले आहेत.

त्याच्या वरच्या कप्प्यात अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. सर्वांत वर तो पिंडीपुढे हात जोडून बसतो, जवळ पूजा करणारा असतो. माथ्यावर कलश आणि बाजूला चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ.

बोरिवलीला माझी नणंद राहते. तिच्याकडे गेले असता एक्सर गावातले वीरगळ मुद्दाम पाहून आले. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये तेथल्या सहा दगडांचे वर्णन आलेले आहे. माणसाहून उंच असे ते दगड आहेत, आणि त्यांतल्या काहींवर चक्क समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. उंच टोकांची गलबते, बाजूला वल्ह्यांची ओळ, गलबतांवर दाटीने उभे असलेले शिपाई आणि पाण्यात पडणारी माणसे. देवगिरीचा यादव राजा महादेव याने कोकणच्या शिलाहार सोमेश्वरावर स्वारी केली, त्या १२६५ च्या सुमाराच्या युद्धाशी काही अभ्यासक या दगडांचा संबंध जोडतात; काही ते याहून जुने मानतात. मुंबईच्या धकाधकीत ते दगड पाहताना माझी नणंद म्हणाली, "वहिनी, बुडणारी माणसेसुद्धा किती सुबक काढली आहेत!"

तिचे ते बोलणे माझ्या मनात घोळत राहिले, कारण ते खरे होते. पाथरवटाची कला तीच आहे. घाव लागलेला माणूस कसा दिसतो, हे त्या काळच्या पाथरवटाने पाहिलेले असणारच. पण मी पाहिलेल्या एकाही दगडावर तोंड वेडेवाकडे केलेला, विव्हळणारा वीर मला दिसला नाही. खालच्या कप्प्यातला पडलेला वीर झोपल्यासारखा निजलेला असतो. त्याचे मरण एका कप्प्यात आटोपते आणि वरचे दोन कप्पे त्याच्या सुखाचे असतात.

आधी मला याचा रागच आला. मग आमच्या गुरुजींनी एक साधी गोष्ट विचारली. "बाई, हा दगड कोणी करविला असेल?" मी विचार केला. मेलेला तर सांगू शकत नाही. त्याच्या मागे राहिलेल्या माणसांनी, भावाने, बापाने, गावाने किंवा त्याच्या धन्याने तो करविला. घरात माणूस गेल्यावर आपण काय करतो? शेजारीण येऊन म्हणते, "सुटला हो, चांगल्या वेळी गेला, देवापाशी गेला." ते खरे की खोटे ते कोणी पाहिलेले नसते. पण ते शब्द कानी पडले नाहीत तर त्या घरातला दिवस ढळत नाही. वीरगळ हे तसलेच बोलणे आहे, दगडात केलेले. पोटचा गोळा कुठे गेला या प्रश्नाला पाथरवटाने एक ठिकाण दाखवून दिले: तिथे, वर, पिंडीपाशी. हे कळल्यावर माझा राग गेला.

पण दुसरी एक गोष्ट तिथेच खटकू लागली. या दगडांवर बाई कुठे आहे?

अप्सरा आहेत, त्या स्वर्गातल्या. आपल्या जगातली बाई दिसते ती शेजारच्या दगडावर. माझ्या माहेरच्या त्या चौघा दगडांत एकावर नुसता एक हात कोरलेला आहे. कोपरात वाकवून वर केलेला उजवा हात, उघडा पंजा, आणि मनगटापासून चुडा भरलेला. लहानपणी आम्हांला तो आशीर्वादाचा हात वाटे. तो सतीचा दगड. नवरा लढाईत पडला आणि बायको त्याच्याबरोबर जळाली, तिची ती खूण. हातातल्या बांगड्या फुटलेल्या नाहीत, म्हणजे तिचे सौभाग्य गेले नाही, असे त्यातून सांगायचे असते. ज्या बाईने जीव दिला तिचा ना चेहरा, ना डोळे. बांगड्यांचा हात तेवढा राहिला. सतीची चाल १८२९ साली बंगाल इलाख्यात कायद्याने बंद झाली आणि पुढच्याच वर्षी मुंबई व मद्रास इलाख्यांत. राममोहन रॉय यांनी तिच्याविरुद्ध केलेले प्रयत्न आपण शाळेत वाचले आहेत. तो कायदा झाला नसता तर दगडावरचा तो हात आपल्यापैकी कोणाचाही असता, हे मी पाराशी बसले असता माझ्या मनात आले आणि अंगावर काटा आला.

आणि वीराची आई? ती मला कोणत्याच दगडावर आढळली नाही. बायकोला निदान हात तरी मिळाला.

नावाचेही तसेच. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. ज्या सरदारांचे पोवाडे झाले त्यांची नावे राहिली. अफजलखानाचा वध १६५९ चा, त्यावर अज्ञानदासाचा पोवाडा आहे. सिंहगड १६७० चा, त्यावर तुळशीदासाने तानाजीचा पोवाडा रचला. शाहिराच्या तोंडून ती नावे घरोघर गेली. आमच्या ओढ्याकाठच्या वीराला शाहीर मिळाला नाही, त्याच्या वाट्याला पाथरवट आला.

कर्नाटकात मात्र वीरगळांवर पुष्कळदा लेख असतो. काही लेखांत असेही येते की, मेलेल्याच्या घरच्यांना रक्ताच्या मोबदल्यात जमीन तोडून दिली. आपल्या आजच्या पेन्शनसारखेच ते. यांपैकी एका दगडाची गोष्ट वाचून मला हसूही आले आणि वाईटही वाटले. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा हा दगड; आता तो बंगळूरच्या संग्रहालयात आहे. इसवी सन ९४९-५० च्या सुमारास राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग यांनी चोळांशी तक्कोलमची लढाई जिंकली. त्या लढाईत मणलेर नावाच्या वीराने मोठा पराक्रम केला. बूतुगाने खूश होऊन "काय हवे ते माग" म्हटले. मणलेराने काय मागावे? राजाचा काळी नावाचा शिकारी कुत्रा! पुढे तो कुत्रा एका रानडुकराशी झुंजून मेला, डुक्करही मेले. मणलेराने त्या कुत्र्यासाठी दगड उभारला, कुत्रा आणि डुक्कर त्यावर कोरविले आणि पूजेसाठी जमीन लावून दिली. हजार वर्षे झाली, काळीचे नाव राहिले आहे. आणि आमच्या गावाची गुरे सोडविताना जो मेला त्याचे नाव त्याच्या गावालाही ठाऊक नाही.

वीराची आई मला दगडावर सापडत नाही, हे मी गुरुजींना बोलून दाखविले. ते म्हणाले, "आपल्याकडे नसेल, पण एका आईने स्वतःच असा दगड केला आहे." असे म्हणून त्यांनी मला एक पुस्तक उघडून दाखविले. ही हकीकत जर्मनीतली आहे. आपल्यापासून फार दूरची, पण ऐकाल तर दूरची वाटणार नाही.

त्या बाईचे नाव केटे कोल्विट्झ. जन्म १८६७. नवरा कार्ल, डॉक्टर. बर्लिन शहरात कामगारवस्तीत त्याचा दवाखाना. दवाखान्यात येणाऱ्या गरीब बायका, त्यांची आजारी मुले यांची चित्रे ही बाई काढी. दोन मुलगे, धाकट्याचे नाव पेटर. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. सगळे बर्लिन झेंडे लावून बसले होते. अठरा वर्षांच्या पेटरने आपण होऊन सैन्यात जायचे ठरविले. वय लहान, म्हणून बापाची परवानगी हवी. बाप देईना. तेव्हा मुलगा आईकडे आला, आणि आईने नवऱ्याची समजूत घालून परवानगी मिळवून दिली.

ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या रणांगणावर पेटर मारला गेला. आघाडीकडे निघाल्याला दोन आठवडेही झाले नव्हते. त्याच महिन्यात त्याच मुलखातल्या खंदकांत आपल्या हिंदुस्थानचे शिपाईही दुसऱ्या बाजूने लढायला उतरले होते. पुस्तकातले हे पान वाचताना मला पुढची ओळ दिसेना. मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच डबे पुसत बसले.

मुलाच्या मरणानंतर काही आठवड्यांतच केटेने ठरविले की त्याचे स्मारक आपण करायचे. आधी तिच्या मनात होते की मुलगा मधोमध निजलेला दाखवायचा, उशाशी बाप, पायथ्याशी आई. कितीतरी वेळा केले, मोडले, मध्ये काही वर्षे काम बाजूलाही ठेवले. अखेर १९३२ साली, अठरा वर्षांनी, ते बेल्जियममधल्या जर्मन सैनिकांच्या दफनभूमीत उभे राहिले. पेटर जितकी वर्षे जगला तितकीच वर्षे आईला त्याच्या दगडाला लागली. पुढे त्या थडग्यांबरोबर तो दगड व्लाड्स्लो येथे हलविला. आजही तो तेथे आहे.

त्या स्मारकात मुलगा नाहीच. घोडा नाही, तलवार नाही, शत्रू नाही, देवदूतही नाही. दोन वेगवेगळ्या दगडांवर गुडघे टेकून बसलेले नुसते आईबाप आहेत. बाप ताठ बसला आहे, दोन्ही हातांनी स्वतःला घट्ट आवळून धरले आहे, जणू सोडले तर मोडून पडेल. आई पुढे वाकली आहे, मान खाली. चेहरे त्या नवराबायकोचे स्वतःचेच आहेत. त्यांच्यासमोर सगळी पोरांची थडगी.

याच बाईने लाकडावर कोरून कागदावर छापलेली सात चित्रे केली, १९२२ च्या सुमारास ती पुरी झाली. विषय युद्धच. त्यांतल्या एकात तरुण मुले निघाली आहेत आणि त्यांच्या पुढे मृत्यू ढोल बडवीत चालला आहे. त्याच्या अगदी जवळचा मुलगा म्हणजे तिचा पेटर. मला आपल्या वीरगळाची आठवण झाली. आपल्या पाथरवटाने वीराला न्यायला अप्सरा पाठविल्या. या आईने तिथे मृत्यू दाखविला. परवानगी तिनेच मिळवून दिली होती, हे तिला आयुष्यभर विसरता आले नाही. म्हणून तिला अप्सरा काढता आल्या नसाव्यात, असे मला वाटते.

तिचे पुढचे आयुष्यही सुखाचे गेले नाही. १९३३ साली हिटलरची राजवट आली आणि तिला कला अकादमी सोडावी लागली. थोरल्या मुलाने आपल्या मुलाचे नाव पेटरच ठेवले होते. तो नातूही १९४२ मध्ये रशियात मारला गेला. त्याच वर्षी तिने एक शिळाछाप चित्र केले: एक म्हातारी बाई आपल्या दोन्ही हातांखाली पोरांना दडपून धरते आहे आणि पोरे तिच्या पदराखालून बाहेर डोकावताहेत. बियाण्याचे दाणे दळायचे नसतात, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. कितीही उपास पडले तरी माझी आजी बियाण्याच्या कणगीला हात लावू देत नसे. एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपायला थोडे दिवस उरले असता, केटे वारली.

आपल्याकडेही दगड बदलत गेले. पहिल्या महायुद्धात आमच्या सातारा भागातून पुष्कळ माणसे गेली. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या; ती डिव्हिजन आजच्या इराकमधल्या कुत येथे वेढ्यात सापडली आणि उपासमारीने एप्रिल १९१६ मध्ये शरण गेली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर मिलिटरी अपशिंगे असेच म्हणतात. त्या युद्धात तेथले ४६ जण कामी आले आणि इंग्रज सरकारने गावात स्मारक उभारले. असे दगड आपल्या बऱ्याच गावांत आहेत. त्यांवर चित्र नाही. गावातून इतके पुरुष गेले, इतके मेले, असा हिशेब आहे. दिल्लीला २०१९ साली झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकात मात्र स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सुमारे २६ हजार जवानांचे एकेक नाव दगडावर कोरलेले आहे, आणि लढायांची ब्राँझची सहा भित्तिशिल्पेही आहेत. चित्र आहे आणि नावही आहे. वीरगळापासून इथवर यायला हजार वर्षे लागली. आईची जागा तिथे कोणती, हे मला अजून विचारायचे आहे.

आता माझ्या घरची गोष्ट सांगून पुरे करते. भरतीचा अर्ज करताना मुलाला अठरा पुरी झालेली नव्हती. अठराच्या आत वय असले की आईबापांची सही लागते, असे तो म्हणाला. ह्यांनी लगेच केली. माझ्यापुढे कागद ठेवला तेव्हा मी मुलाला समोर बसवून पेटरची सगळी गोष्ट सांगितली, पुस्तकातला तो आईबापांचा दगडही दाखविला. त्याने शांतपणे ऐकले. मग म्हणाला, "म्हणजे तू सही करणार नाहीस?"

मी म्हटले, "करीन. देशाला माणसे लागतात, ती कोणाच्या तरी घरातूनच जाणार. पण दगडावरच लिहिले आहे, असे पुन्हा म्हणू नकोस. मेलेल्याच्या घरच्यांनी तो दगड स्वतःची समजूत घालण्यासाठी केला. तुला बोलवायला केलेला नाही."

तो काही बोलला नाही. मी सही केली. हात थरथरला, तेव्हा पेन नीट उमटत नाही असे म्हणून मी कागद पुन्हा पुढे ओढला. मैदानी परीक्षा अजून व्हायची आहे. पहाटे चारला त्याच्याबरोबर मी उठते, दूध तापवून देते आणि तो परत येईपर्यंत दारात उभी असते.

भगिनींनो, शेवटी एक विनंती. माहेरच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा तो पालथा दगड पायात भरायला काढला होता. माझी म्हातारी चुलती त्याच्यावर जाऊन बसली आणि उठली नाही, म्हणून तो वाचला. उलटून पाहिला तर त्यावर गाई होत्या. आपल्याही गावात मारुतीच्या देवळामागे असे दोन दगड आहेत. त्यांना ऑइलपेंट फासलेला आहे, एकाला तर सिमेंट लावले आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण सगळ्या जणी तिथे जाऊ. खरवडायचे नाही, तेल-शेंदूर लावायचा नाही. गवत काढून साध्या पाण्याने धुऊ, फोटो काढू, आणि आळीतल्या म्हाताऱ्या बायकांना त्या दगडांविषयी जे आठवते ते वहीत उतरवून घेऊ. वहीच्या पहिल्या पानावर आपल्या गावातून फौजेत गेलेल्या प्रत्येक मुलाचे नाव लिहू, आणि त्याच्या शेजारी त्याच्या आईचे.